घरट्याचे पाच हजार घेण्याआधी हे वाच

तुझी पोस्ट तीनदा वाचली. गोव्यात नेत्रावळीकडे वडिलांचं कुळागर (सुपारीची बाग), गव्यांनी मोडलेल्या पोफळी, खाण बंद पडल्यापासून घरी बसलेला मोठा भाऊ, दोन रिकाम्या खोल्या. आणि आता पुण्याहून कुणीतरी फोन करून सांगतोय की महाधनेश पक्ष्याचं घरटं दाखव, माणशी पाच हजार देतो. 'यातूनच इको टुरिझमची सुरुवात करू का, नोंदणी कुठे करायची,' असं विचारलंयस. वयाने लहान वाटतोस म्हणून अरे-तुरे करतोय, राग मानू नकोस. सात वर्षांपूर्वी हीच पोस्ट मी लिहिली असती. फरक एवढाच की आमचं घर सत्तरी तालुक्यात, आणि मला फोन आला होता बेंगळुरूहून.

नोंदणी, पंचायतीचा दाखला, अन्न परवाना यावर आधीच्या दोघांनी लिहिलंय, मी परत लिहीत बसत नाही. फक्त खोल्यांवर पैसा घालण्याआधी एक-चौदाचा उतारा, म्हणजे गोव्याचा सातबारा, स्वतःच्या डोळ्यांनी वाच. 'जमीन आपलीच' असं वडील सांगतात आणि कागदावर मोकासो, आल्वारा (जुन्या इनामाच्या, सनदेच्या जमिनी) नाहीतर सरकार निघतं, हे आमच्या सत्तरीत रोजचं आहे.

आता घरट्याचं.

आमच्या वाड्याच्या मागे उतरणीवर एक जुनं घोटिंग आहे, म्हणजे बेहडा. खोडावर तीन पुरुष उंचीवर ढोली. झाड शेजारच्या काकांच्या काजूला लागून. धनेशाची जोडी वर्षानुवर्षं तिथे यायची आणि गावात कुणाला त्याचं कौतुक नव्हतं. कौतुक नव्हतं म्हणूनच ती सुखात होती, हे मला फार उशिरा कळलं.

महाधनेशाचं घरटं कसं असतं हे तुला माहीत असेल, तरी सांगतो, कारण सगळी गोम तिथे आहे. मादी ढोलीत शिरते आणि विष्ठा, फळांचा चोथा, माती यांनी तोंड लिंपून घेते. चोचीपुरती उभी फट ठेवते. मग तीन-चार महिने ती आतच. पिसंसुद्धा आतच झडतात. तिचं आणि पिल्लाचं पोट नराच्या घशात. तो वडाची, पायराची, उंबराची फळं गळ्यात भरून आणतो, फांदीवर बसून एकेक वर काढतो आणि फटीतून देतो. त्याला झाडाजवळ यायची भीती वाटली की आत उपास.

मी पहिल्यांदा पाच फोटोग्राफर नेले. माणशी तीन हजार, दोन दिवस. माणसं चांगली होती, खोटं कशाला बोलू. लांब कापडी आडोसा लावून गप्प बसली. पंधरा हजार एकगठ्ठा हातात, मी तर हवेत. त्यांच्यातल्या एकाने फोटो टाकला तो गावाच्या नावासकट. पुढच्या तीन रविवारी फोन थांबेना. इथे मी दुसऱ्याला दोष देऊ शकत नाही. नाही म्हणता आलं असतं, मी म्हटलं नाही. खोल्यांचा हप्ता होता.

तिसऱ्या रविवारी अकरा गाड्या होत्या. एकाने मोबाइलला स्पीकर जोडून धनेशाचाच आवाज वाजवला. नर आला आणि समोरच्या किंदळीच्या झाडावर बसला. घशाखाली फुगवटा दिसत होता, चोचीच्या टोकाला एक लाल उंबर धरलेलं. ते आत घ्यायचा, परत टोकाला आणायचा, मान वाकडी करून खाली माणसांकडे बघायचा. असं सव्वा तास. मी खाली उभा राहून घड्याळ बघत होतो, कारण पाहुण्यांचं विमान होतं. शेवटी तो ते उंबर घेऊनच उडून गेला.

दहा-बारा दिवसांनी गेलो तर लिंपण फुटलेलं, झाडाखाली पांढरीकाळी पिसं. आत पिल्लाचा आवाज नाही. पुढच्या वर्षी जोडी त्या ढोलीत आली नाही, त्याच्या पुढच्या वर्षीही नाही. पक्षीतज्ज्ञ म्हणतील की घरटं इतर कारणांनीही फसतं. फसत असेल. ते उंबर मी पाहिलं होतं.

पण मला सगळ्यात महाग पडलं ते हे नव्हे. मार्च म्हणजे ऐन काजूचा हंगाम. काकांच्या झाडांखाली बोंडं पडलेली, ती वेचून भट्टीला द्यायची, हुर्राकाचे (काजूच्या पहिल्या धारेच्या दारूचे) दिवस. त्यांच्या मोकळ्या जागेत गाड्या उभ्या, बोंडं चाकाखाली, लावलेली दोन कलमं तुडवलेली. मी त्यांना एक पैसा दिला नव्हता. द्यायचं सुचलंच नाही, घरचेच म्हणून. त्यांनी भांडण केलं नाही. संध्याकाळी अंगणात येऊन एवढंच म्हणाले, "सुकणें तुजें, पयशे तुजे, आनी धुल्ल मात म्हजी?" पाखरू तुझं, पैसे तुझे, आणि धूळ तेवढी माझी? दुसऱ्या दिवशी पायवाटेवर काट्यांची वंय, म्हणजे कुंपण, घातलेली. देवळात गाव जमला तेव्हा माझ्या बाजूने एकही तोंड उघडलं नाही. दोन वर्षं मला रानाची वाट बंद होती आणि बँकेचा हप्ता चालू होता.

मधल्या काळात मी एका कार्यालयात गेलो. मागणी साधी: विणीच्या हंगामात वाटेच्या तोंडाशी एक फलक लावा, गाड्या वर सोडू नका. साहेब म्हणाले, झाड खासगी जागेत आहे, आमचा संबंध नाही. दुसरीकडे गेलो तर नकाशा उलगडून सांगितलं, हे रानात येतं, तिकडेच जा. पहिल्यांकडे परत गेलो तर लेखी द्या. लेखी दिलं तर झाडाचा मालक कोण त्याचा दाखला आणा. पाचव्या खेपेला फलकापुरती तोंडी 'बघू' मिळाली, तोवर पाऊस लागला होता. नाव घेत नाही, तिथेच अजून माझी दुसरी फाइल आहे. तुला मात्र सांगतो, तुमच्या कुळागराला अभयारण्याची हद्द लागत असेल तर आधीच वनखात्याच्या रेंज ऑफिसात लेखी विचार आणि पोच घे. आत माणसं न्यायला परवानगी लागते, यात हयगय नको.

तर माझं मत, पटलं तर घे. मी वनखात्यातला नाही, वकील नाही, दोन खोल्या चालवणारा माणूस आहे. पर्यटनाने जंगल वाचतं हे वाक्य अर्धंच खरं. जनावरांमुळे ज्याचं नुकसान होतं त्याच्या हातात पैसा पडला तर वाचतं, नाहीतर तुझ्या-माझ्यासारखे चार जण मधल्या मध्ये खातात. जानेवारी २०२० मध्ये म्हादईच्या अभयारण्यात वाघीण आणि तिचे तीन बछडे विषाने मेले, आठवत असेल. गुरं मारली गेल्याचा राग त्यामागे होता. तिथे व्याघ्र प्रकल्प करावा की नाही या वादात मी इथे पडत नाही, पण गोठा रिकामा झालेल्या माणसाला पाहुण्यांच्या गाड्या दिसल्या तर त्याला काय वाटत असेल, एवढं तरी आपण धरून चालावं.

कोकणातलं वेळास बघ. तिथे २००६ पासून कासव महोत्सव होतो, पाहुणे गावातल्या घरांत राहतात, जेवतात, म्हणून कासवाचं अंडं घरट्यात राहण्यात घराघराचा फायदा. अरुणाचलात पाक्केच्या जंगलात तर ज्या न्यिशी जमातीत टोपीसाठी धनेशाची चोच वापरत, त्यांच्यातलेच लोक २०११ पासून घरट्यांची राखण करतात आणि शहरातले लोक घरटं 'दत्तक' घेऊन त्यांचा पगार देतात. उलट दूधसागर धबधब्याला नेणारी आपली कुळे गावची जीप: मालक स्थानिक, पैसा गावात राहतो, ते चांगलंच. पण दूधसागरच्या वाटेवर सुट्टीच्या दिवशी रांग बघ आणि सांग, रानाच्या वाट्याला काय आलं.

आता मी काय करतो. प्रत्येक पाहुण्यामागे तीनशे रुपये काकांना, त्याच संध्याकाळी, रोख. गावनिधी-बिधी नाही. निधीचा हिशोब कुणी मागत नाही तोवर ठीक, मागितला की दोन गट. जेवण वाड्यातल्या तीन घरांत पाळीने. खतखतें काकींच्या हातचं, त्यावर वाद नाही. काट्यांची वंय आता काढलीय, ती काकांनीच काढली.

घरटं कुणाचंच दाखवत नाही, आवाज वाजवणाऱ्याला पहिल्या वेळीच परत पाठवतो. त्याऐवजी फळलेला वड. पहाटे साडेसहाला लांब बसायचं, धनेश, हरियल, शेकरू, सगळे आपणहून येतात, कुणाचं पोट मारावं लागत नाही. कुठला वड फळाला आलाय ते काका सांगतात, वाटाड्याचे पैसे वेगळे. देवराईत नेलंच तर चपला बाहेर, गावाची रीत तीच पाहुण्याची. आमच्याकडे बांबरला निरंकाराची राय आहे, रानजायफळाची मुळं चिखलातून गुडघ्यासारखी वर आलेली. तिथे अनवाणी उभा राहिलेला माणूस आपोआप हळू बोलतो.

आणि पावसाळा सोडू नकोस. सगळे डिसेंबरच्या मागे धावतात, पण रात्री बेडूक, अळंबी दाखवायला जुलैसारखा महिना नाही. बेडूक हातात घ्यायचे नाहीत, फोटोसाठीसुद्धा नाही. जळवांना मोज्यांवर तंबाखूचं पाणी, मिठाची पुरचुंडी खिशात. धबधब्यांवर पावसात बऱ्याचदा बंदी असते, तिकडे नेऊ नकोस, कुणी कितीही म्हणो.

पुण्याच्या त्या माणसाला कळव: घरटं नाही, फळाचं झाड दाखवतो, माणशी पंधराशे, जेवण धरून. बहुतेक फोन ठेवेल. माझ्या दहांतले सात ठेवतात. राहिलेले तीन दरवर्षी येतात.

तू ज्या झाडाबद्दल लिहिलंयस ते कुठल्या वाड्याजवळ आहे हे पोस्टमध्ये आहे. आधी ते काढ. उत्तर नंतर दे.