एमिल द जिरार्दँ कोण होता आणि फ्रेंच पत्रकारितेत त्याचं नाव एवढं का घेतलं जातं?

थोडक्यात सांगायचं तर, सामान्य माणसाला परवडणारं वर्तमानपत्र फ्रान्समध्ये रुजवलं ते जिरार्दँने. जन्म पॅरिसचा, 1806 चा. एका सेनाधिकाऱ्याचा हा अनौरस मुलगा, त्यामुळे वडिलांचं नावही त्याला झगडूनच मिळवावं लागलं.

1836 मध्ये त्याने ‘ला प्रेस’ काढलं. इतर पत्रांची वर्गणी वर्षाला साधारण 80 फ्रँक, याची फक्त 40. उरलेला खर्च जाहिरातींतून भागवायचा, हा त्याचा हिशोब. आजची वर्तमानपत्रंही बहुतांशी याच गणितावर चालतात! वाचक टिकावा म्हणून क्रमशः कादंबऱ्या सुरू केल्या. प्रसिद्ध कादंबरीकार बाल्झाकसुद्धा त्यात लिहीत असे. पत्नी देल्फिन टोपणनावाने पॅरिसच्या समाजजीवनावर सदर लिहायची, आणि माझ्या मते पत्राच्या लोकप्रियतेत तिचा वाटा फार मोठा होता.

त्याच वर्षी या स्वस्त पत्रावरून वाद पेटला आणि जुलैमध्ये ‘ल नासियोनाल’चा संपादक आर्माँ कारेल याच्याशी पिस्तुलांचं द्वंद्व झालं. जिरार्दँच्या मांडीला गोळी लागली, कारेल मात्र दोन दिवसांनी दगावला. एका गुणी संपादकाचा असा अंत व्हावा, हे आजही मनाला लागतं. जिरार्दँ पुन्हा कधी द्वंद्वाला उभा राहिला नाही.

राजकारणात त्याने बाजू अनेकदा बदलल्या. 1834 पासून खासदार, 1848 मध्ये राजा लुई-फिलिपला गादी सोडायचा सल्ला, मग लुई नेपोलियनला (पुढचा सम्राट नेपोलियन तिसरा) पाठिंबा आणि पुढे त्यालाच विरोध. 1877 मध्ये त्याने राष्ट्राध्यक्ष मॅकमाहोनविरुद्ध प्रजासत्ताकवाद्यांच्या बाजूने लेखणी चालवली. 1881 मध्ये त्याचं निधन झालं.