भूल उतरल्यानंतरचा आराम

प्रश्न : माझे पती ५२ वर्षांचे असून तासगाव तालुक्यात आमची द्राक्षबाग आहे. दोन महिन्यांपासून त्यांच्या कमरेतून उजव्या पायाच्या अंगठ्यापर्यंत कळ जाते. एमआरआयमध्ये कमरेच्या चौथ्या-पाचव्या मणक्यांमधली गादी सरकून नस दबल्याचे दिसले. गोळ्या-व्यायामाने फरक न पडल्याने मिरजेच्या डॉक्टरांनी नसेजवळ भुलीचे इंजेक्शन सुचवले आहे. भूल काही तासांत उतरणार असेल, तर उपयोग काय? मणक्यात सुई घेतली की पाय लुळा पडतो, असे भावकीतले लोक सांगतात. त्यांना मधुमेहही आहे.
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : ताई, तुमचा पहिला प्रश्न अगदी नेमका आहे. भुलीच्या औषधांपैकी लिग्नोकेनचा परिणाम साधारण एक-दोन तास आणि ब्युपिव्हाकेनचा त्याहून काही तास जास्त टिकतो. पण त्या तासांत मिळणारे उत्तर मोलाचे असते. एमआरआयमध्ये सरकलेली गादी कसलाही त्रास नसलेल्या अनेकांच्याही कमरेत दिसते, त्यामुळे कळ त्याच नसेची आहे का, हे केवळ चित्रावरून ठरत नाही. ती नस बधिर केल्यावर कळ थांबली, तर संशय बराच पक्का होतो. म्हणून माझे आग्रहाचे सांगणे आहे, की त्या दिवशी वही सोबत न्या. ज्या हालचालीने कळ उठते, उदाहरणार्थ खाटेवर बसून पाय सरळ करणे, ती हालचाल इंजेक्शनपूर्वी, अर्ध्या तासाने आणि नंतर दर तासाला करायला सांगून किती दुखले ते लिहून ठेवा.

भुलीसोबत बहुधा स्टिरॉइडही देतात. गादीच्या दाबाइतकीच नसेभोवतीची सूजही कळेला कारण असते, आणि ती सूज स्टिरॉइडने ओसरते. त्याचा गुण दोन दिवसांपासून आठवड्याभरात दिसू लागतो, म्हणून मधल्या काळात कळ परतली तरी इंजेक्शन वाया गेले असे समजू नये. काहींना काही आठवडे, काहींना काही महिने आराम पडतो, तर काहींना पडतही नाही. गादी यामुळे जागेवर बसत नाही; मात्र बहुतेकांची कळ काळाच्या ओघात आपोआप कमी होते, आणि तोवर चालणे व व्यायाम सुरू ठेवता यावा, हाच या उपचाराचा खरा लाभ आहे.

लुळेपणाची भीती समजण्यासारखी आहे. मज्जारज्जू साधारणपणे कमरेच्या पहिल्या-दुसऱ्या मणक्याशी संपतो आणि तुमच्या पतींना सुई त्याच्या बरीच खाली दिली जाईल. भुलीमुळे पाय काही तास जड वाटू शकतो. त्या दिवशी त्यांना मोटारसायकल चालवू देऊ नका. जंतुसंसर्ग किंवा औषध रक्तवाहिनीत गेल्याने होणारी गंभीर इजा क्वचित घडते, म्हणूनच सी-आर्म या क्ष-किरण यंत्राखाली आधी रंगद्रव्य सोडून सुईची जागा तपासतात. रंगद्रव्य किंवा औषध जाताना तीच ओळखीची कळ क्षणभर पायात उतरली, तर घाबरू नये, पण डॉक्टरांना लगेच सांगावे.

स्टिरॉइडने साखर काही दिवस वाढते, तेव्हा ती रोज तपासावी. रक्त पातळ करणारी गोळी चालू असल्यास आधी सांगावे, स्वतःहून बंद करू नये. लघवी अडली, बसण्याची जागा बधिर झाली किंवा पाऊल उचलेनासे झाले, तर इंजेक्शनच्या तारखेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.