तेविसाव्या वर्षी हेअर ट्रान्सप्लांट करू का, ताई?

सांगलीच्या एका मुलाचं पत्र आलंय, वय २३, पुण्यात वाकडला मित्रांसोबत फ्लॅटवर राहतो, आयटीत नोकरी. विसाव्या वर्षापासून कानशिलांकडून केस मागे चाललेत, आता टाळूवरही विरळ दिसायला लागलंय. ऑफिसमध्ये मुलं 'काका' म्हणतात, मीटिंगला तो कॅमेरा बंद ठेवतो, गेल्या डिसेंबरात जिवलग मित्राच्या लग्नाला गेलाच नाही, कारण फोटो. एका क्लिनिकने ४००० ग्राफ्ट (म्हणजे मुळासकट उचलून लावायचे केसांचे छोटे पुंजके) ८५ हजारात सांगितलेत, ईएमआय करून देतायत, १० हजार टोकन भरून झालंय आणि पुढच्या महिन्याची तारीख आहे. घरी कुणालाच माहीत नाही. "ताई, करू का?" एवढंच विचारलंय.

अरे, आधी एक सांगते, तुला जे वाटतंय ते खरं आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. लोक म्हणतात केसांचं काय घेऊन बसलास, पण रोज सकाळी उशीवर केस बघून ज्याचा दिवस सुरू होतो त्यालाच ते कळतं. मित्राच्या लग्नाला गेला नाहीस ते वाचून मला फार वाईट वाटलं. म्हणून 'टक्कल पडलं तर काय बिघडतं' असलं मी तुला सांगणार नाही.

पण पुढच्या महिन्यात करू नकोस. कधीच करू नकोस असं म्हणत नाहीये, आत्ता नको.

का ते सांगते, आणि हे मी घरात बघितलंय. माझ्या धाकट्या भावाने बाविसाव्या वर्षी केलं, असंच घाईत, असंच न सांगता. पहिली तीनचार वर्षं इतका खूश होता की आम्हालाही वाटलं बरं झालं. पण लावलेले केस टिकले तरी त्यांच्या मागचे स्वतःचे केस गळायचे थांबले नाहीत ना, ते जातच राहिले. आज तो पस्तिशीचा आहे, कपाळावर केसांची एक दाट पट्टी आणि तिच्या मागे सगळं मोकळं. पुन्हा करायला गेला तर डॉक्टर म्हणाले डोक्याच्या मागच्या बाजूने काढून घेण्यासारखे केस फारसे उरलेले नाहीत. बरं, ट्रिमर मारून सरळ टकला राहू म्हटलं तर तेही नाही, कारण जिथून केस काढले तिथे पांढरे ठिपके दिसतात. म्हणजे साधं टक्कल मिरवायचीही सोय राहिली नाही त्याला.

हे असं का होतं बघ. डोक्याच्या मागच्या आणि कानांवरच्या पट्ट्यातल्या केसांवर, टक्कल पाडणाऱ्या डीएचटी नावाच्या हार्मोनचा फारसा परिणाम होत नाही, आणि ते उचलून पुढे लावले तरी आपला स्वभाव सोडत नाहीत. न्यूयॉर्कच्या डॉ. नॉर्मन ओरेंट्राइच यांनी १९५० च्या दशकात हे दाखवलं आणि सगळं ट्रान्सप्लांट त्यावरच उभं आहे. पण म्हणजे नवीन केस कुणी तयार करत नाही, आहेत तेच इकडून तिकडे नेतात. बहुतेकांच्या बाबतीत आयुष्यभरात सुरक्षितपणे साधारण पाच-सहा हजार ग्राफ्ट निघतात, कुणाचे थोडे जास्त, कुणाचे कमी. तुझं क्लिनिक त्यातले ४००० एका बैठकीत तेविसाव्या वर्षीच वापरायला निघालंय. मग चाळिशीत टाळू उघडी पडली तर काय लावणार? टक्कल मोजायची जी नॉरवूड स्केल आहे तिच्यात सात पायऱ्या आहेत आणि तू कुठल्या पायरीवर थांबणार हे आज कुणीच सांगू शकत नाही. विशीत सुरू झालेलं तर बऱ्याचदा पुढच्या पायऱ्यांपर्यंत जातं. म्हणूनच चांगले सर्जन पंचविशीच्या आत सहसा हात लावत नाहीत, आणि लावला तरी हेअरलाइन खाली आणत नाहीत. तुला नक्कीच कॉलेजच्या फोटोतली हेअरलाइन हवी असणार, पण ती पंचेचाळिशीच्या चेहऱ्यावर कशी दिसेल याचा विचार कर.

दुसरं म्हणजे तुझ्या अख्ख्या पत्रात डॉक्टर हा शब्दच नाही. काउन्सेलर आहे, ऑफर आहे, ईएमआय आहे. डोकं तपासलं कुणी? आधी एमडी स्किनच्या डॉक्टरकडे जा, ते छोट्या यंत्रातून टाळू बघतील, लागलं तर थायरॉइड, आयर्न वगैरे तपासतील. डेंग्यू-टायफॉइडनंतर, एकदम वजन उतरवल्यावर दोनतीन महिन्यांनी भरपूर केस गळतात आणि बहुतेक वेळा ते आपोआप परत येतात. जिममध्ये कसली इंजेक्शनं किंवा गोळ्या घेत असशील तर तेही न लपवता सांग.

आणि आनुवंशिकच निघालं तर औषधं आहेत. मिनॉक्सिडिल मुळात ब्लडप्रेशरची गोळी होती, ती घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढायला लागले म्हणून पुढे डोक्याला लावायचं औषध झालं. लावायला लागल्यावर पहिले काही आठवडे केस जास्त गळू शकतात, तेव्हा घाबरून सोडू नकोस. फिनास्टेराइड डीएचटी कमी करतं, पण काहींना लैंगिक इच्छा कमी होणं, मन उदास राहणं असे त्रास होतात, त्यामुळे मेडिकलमधून आपलं आपण आणायचं नाही, डॉक्टरांशी मोकळेपणाने बोलून ठरवायचं. दोन्हीचा फरक कळायला सहा महिने ते वर्ष लागतं आणि बंद केलं की फायदाही जातो. क्लिनिकवाले सहसा सांगत नाहीत ते हे, की ट्रान्सप्लांट केलं तरी उरलेले केस टिकवायला बहुतेकांना हीच औषधं चालू ठेवावी लागतात. मग आधी तीच का घेऊन बघू नयेत?

एक गोष्ट तुला घाबरवायला नाही पण माहीत असावी म्हणून सांगते. २०१९ मध्ये मुंबईत एका ४३ वर्षांच्या व्यावसायिकाने एकाच बैठकीत साडेनऊ हजार ग्राफ्ट लावून घेतले, त्यानंतर त्याला रिअ‍ॅक्शन आली आणि तो गेला. असं क्वचित होतं, पण ही सर्जरी आहे, पार्लरचं काम नव्हे. २०२२ मध्ये डॉक्टरांसाठी नियम ठरवणाऱ्या नॅशनल मेडिकल कमिशनने स्पष्ट लिहून दिलंय की प्रशिक्षण घेतलेल्या डॉक्टरनेच, म्हणजे प्लास्टिक सर्जन किंवा त्वचारोगतज्ज्ञानेच, हे करायचं, नुसते व्हिडिओ किंवा वर्कशॉप बघून नाही. तुझ्या क्लिनिकला विचार, चीर कोण देणार, पूर्ण वेळ खोलीत कोण असणार, काही झालं तर जवळचं आयसीयू कुठलं. आणि हे ४००० ग्राफ्ट आहेत की ४००० केस, तेही विचार, कारण एका ग्राफ्टमध्ये एक ते चार केस असतात आणि जाहिरातीत त्याचा सर्रास घोळ घालतात.

आईला सांग रे. ती चिडेल, रडेलही कदाचित, पण आजोबांचे, मामाचे, काकांचे तिशीतले फोटो तिच्याकडेच मिळतील आणि डॉक्टरला ते दाखवायला लागतील. टक्कल फक्त आईकडून येतं असं म्हणतात ते अर्धवट आहे, दोन्ही घरांकडे बघावं लागतं.

'काका' म्हणणाऱ्यांना एकदा शांतपणे सांग की मला हे आवडत नाही. बहुतेकांना कळतच नसतं की लागतंय. आणि लग्नाला गेला नाहीस तर आता त्या दोघांना घरी जाऊन भेट, टोपी घालून गेलास तरी चालेल.

आज क्लिनिकला व्हॉट्सअ‍ॅपवर लिहून कळव की तारीख रद्द, आणि टोकन परत माग. नाही दिलं तर १० हजार गेले म्हणायचं, पण ते वाया जाऊ नयेत म्हणून टेबलावर झोपू नकोस. दर महिन्याच्या एक तारखेला त्याच खिडकीपाशी, केस कोरडे असताना, पुढून, बाजूने आणि वरून फोटो काढत जा. वर्षभराने मला परत लिही, तेव्हा फोटो समोर ठेवून बोलू.

तुझी ताई