सत्तेचाळिशीत राजीनामा देऊन मातीकामाची भट्टी घ्यावी का?

प्रश्न: माझं वय ४७. हिशेब विभागात बावीस वर्षं नोकरी झाली. दोन वर्षांपासून मातीकाम शिकते आहे. आता राजीनामा देऊन, निवृत्तीसाठी साठवलेल्या रकमेतले ६० टक्के काढून स्वतःचा स्टुडिओ थाटावा असं मनात आहे. मुलगी दोन वर्षांनी कॉलेजला जाईल. गेल्या वर्षी आई गेली. नवरा म्हणतो, हा मिडलाइफ क्रायसिस आहे, उतरेल. असं खरंच काही असतं का? पैसे काढू का? सोबत स्टुडिओच्या खर्चाचा तक्ता जोडला आहे.

उत्तर: पैशांचं आधी सांगतो. ६० टक्के काढू नका. स्टुडिओला मात्र माझा विरोध नाही.

आता तुमच्या यजमानांच्या शेऱ्याकडे येतो. 'मिडलाइफ क्रायसिस' ही संज्ञा मनोविश्लेषक एलियट जॅक्स यांच्या १९६५ च्या लेखामुळे रूढ झाली. पुढे अमेरिकेतल्या एका मोठ्या पाहणीत साधारण चारांतल्या एकाने 'हो, माझ्यावर तशी वेळ आली होती' असं सांगितलं. पण खोदून विचारल्यावर बऱ्याच जणांनी वयाचं नाव घेतलंच नाही. कुणाचा घटस्फोट झाला होता, कुणाची नोकरी गेली होती, कुणाचं जवळचं माणूस गेलं होतं. दुसऱ्या बाजूला डेव्हिड ब्लँचफ्लॉवर या अर्थशास्त्रज्ञाने शंभराहून अधिक देशांतली आकडेवारी तपासली, तर समाधानाची सरासरी चाळिशीच्या उत्तरार्धात तळाला गेलेली आणि नंतर पुन्हा चढलेली दिसली. सगळ्या संशोधकांना हे पटलेलं नाही. शिवाय सरासरीवरून तुमचं काय चाललंय हे कळत नाही ते नाहीच. मला तुमच्या पत्रात वयापेक्षा आईचं जाणं जास्त दिसतं. त्या दुःखात माती हाताला बरी वाटत असेल तर त्याला खूळ म्हणू नये. फक्त मनाची ही अवस्था दोन-तीन वर्षांत बदलू शकते आणि मोडलेली पुंजी तेवढ्यात भरून येत नाही, एवढाच माझा मुद्दा आहे.

हिशेब करून बघा. जमा रक्कम १०० धरली तर तुम्ही ६० काढणार. वर्षाला ८ टक्के परतावा धरला तर हेच ६० साठाव्या वर्षापर्यंत सुमारे १६३ होतात. म्हणजे आज आहे त्या सगळ्या जमेपेक्षाही जास्त. महागाई त्यातला बराच भाग खाईल, हे खरं. तरी उरतं ते थोडं नाही. त्यात पगार थांबला की दरमहा पडणारी भरही थांबणार. मुदतीआधी रक्कम काढल्यावर कर किंवा दंड किती बसतो, हेही तुमच्या योजनेच्या नियमांत पाहून घ्या.

तुमचा तक्ता मी दोनदा वाचला. भट्टी, चाक, माती, ग्लेझ, भाडं, वीज, सगळं नेटकं, दशांशापर्यंत. हिशेबनीस माणूस आहात, शोभतं. पण तुमच्या स्वतःच्या मेहनतान्याचा रकानाच नाही! विक्री पहिल्याच महिन्यापासून धरली आहे आणि स्टुडिओ बंद करावा लागला तर काय, ही ओळ कुठेच नाही. दुसऱ्या कुणाच्या कंपनीचा असा तक्ता तुमच्या टेबलावर आला असता तर तुम्ही लाल शाई काढली असती.

मी तुमच्या जागी असतो तर आधी सहा महिन्यांची बिनपगारी रजा किंवा अर्धवेळ काम मागितलं असतं. नकार आला तर शनिवार-रविवार आहेतच. भट्टी विकत घेऊ नका, दुसऱ्याच्या भट्टीत भाड्याने भाजून घ्या. या काळात खर्च भागवायचा तो निवृत्तीच्या पैशाबाहेरच्या बचतीतून, तोही घरखर्चाचे बारा महिने आणि मुलीच्या शिक्षणाचे पैसे वेगळे काढून उरेल त्यातून. उरतच नसेल तर रजाही लांबणीवर टाका, शिकणं चालू ठेवा. ओळखीपाळखीच्या बाहेरचे किती जण पैसे मोजून भांडी नेतात आणि तीच ऑर्डर दुसऱ्यांदा देतात का, याची नोंद ठेवा. मैत्रिणींनी कौतुकाने घेतलेले कप त्यात धरू नका.

निवृत्तीच्या रकमेला हात लावायचा विचार त्यानंतर, आणि तोही जास्तीत जास्त १० टक्के. त्याआधी यजमानांबरोबर बसून एक आकडा लिहून ठेवा: एवढे बुडाले की थांबायचं. तो ठरला की तक्त्यात मेहनताना आणि बंद करण्याचा खर्च भरून मला पुन्हा पाठवा.