गोरिला बघायला ट्रकने, तंबूत राहत जावं की सरळ विमानाने?

तुम्ही विचारलंय की नैरोबीहून ओव्हरलँड ट्रकने, तंबूत राहत राहत युगांडातले गोरिला बघायला जावं का, की विमानाने जाऊन दोन-तीन दिवसांत बघून यावं, कारण शेवटी गोरिलांसोबत मिळतो तो एकच तास. मी आणि माझी ताई 2024 च्या ऑगस्टमध्ये ट्रकने गेलो होतो. मी तेव्हा 47 ची, ताई 53 ची, दोघींनी आयुष्यात कधी तंबू ठोकला नव्हता. हाताशी दहा-बारा दिवस असतील तर रस्त्यानेच जा असं मी मनापासून सांगेन.

ट्रक म्हणजे खाली मालट्रकचा सांगाडा आणि वर बससारख्या सीटा, बाजूच्या कप्प्यांमधून स्वयंपाकघर बाहेर निघतं, टेबलं, शेगडी, मोठी पातेली सगळं. संध्याकाळी कॅम्पवर पोचलं की आपला तंबू आपणच लावायचा आणि स्वयंपाक, भांडी, ट्रक झाडणं याच्या पाळ्या असतात. भांडी फडक्याने पुसायची नाहीत, हातात धरून हवेत हलवून वाळवायची, म्हणजे एकाचं पोट बिघडलं तर सगळ्यांचं बिघडत नाही. आम्ही शाकाहारी, पण काहीच अडलं नाही, बाजारात बटाटे, घेवडा, ॲव्होकॅडो, केळी ढीगभर मिळतात, मटोके म्हणजे कच्च्या केळ्यांचा उकडून केलेला लगदा रोज असतो आणि चपातीला तिकडेही चपातीच म्हणतात. ताईने घरून दोन किलो पोहे नेले होते, आमच्या पाळीच्या दिवशी सकाळी तिने अख्ख्या ट्रकला कांदेपोहे खायला घातले.

नैरोबी, नाकुरू, एल्डोरेट, मग सीमा ओलांडून जिंजा. तिथे व्हिक्टोरिया तलावातून नाईल बाहेर पडते आणि काठावर गांधीजींचा पुतळा आहे कारण त्यांच्या अस्थींचा एक भाग तिथे विसर्जित केला होता, आम्ही दोघी तिथे बराच वेळ बसलो. मग कंपालाच्या पुढे विषुववृत्त ओलांडून युगांडाच्या नैऋत्य टोकाच्या कबाले गावापर्यंत पूर्ण दिवसाचा प्रवास, तो कंटाळवाणा आहे, झोपून काढा.

पण कबाले आलं की झोपू नका. मी रस्त्याने जा म्हणते ते या पट्ट्यासाठी. डोंगर पायथ्यापासून माथ्यापर्यंत शेतीने भरलेले, इतके उभे की बाया दोरीला धरल्यासारख्या वाकून खुरपताना दिसतात, तुकडा तुकडा जमीन, बटाटा, ज्वारी, घेवडा, आणि असे डोंगरामागून डोंगर बघत जाताना अचानक एका बांधाला शेत संपतं आणि पुढे जंगलाची काळी भिंत उभी. मध्ये काहीच नाही, ना माळ ना झुडपं. ते ब्विंडी, गोरिलांचं जंगल. जेमतेम 320 चौरस किलोमीटर. 2018 ची गणना होऊन 2019 ला आलेल्या आकड्यानुसार जगात पर्वतीय गोरिला 1063, त्यातले निम्म्याहून थोडे कमी इथे आणि बाकीचे युगांडा, रवांडा, काँगोच्या सीमेवरच्या विरुंगा ज्वालामुखींवर. कुठल्याही प्राणिसंग्रहालयात हे गोरिला नाहीत. ते कुठल्या एवढ्याशा जागेत तगून आहेत आणि शेजारी किती माणसं किती थोड्या जमिनीवर जगतायत हे मला ट्रकच्या खिडकीतूनच कळलं. याच जंगलात पिढ्यानपिढ्या राहणाऱ्या बाट्वा लोकांना 1991 साली राष्ट्रीय उद्यान झाल्यावर बाहेर काढलं गेलं, बहुतेकांना जमीनही मिळाली नाही, ते आजही काठावर मजुरी करतात. गोरिला वाचले याचा आनंद आहेच, पण त्याची किंमत कोणी मोजली ते तिथे गेल्यावर नजरेआड करता येत नाही आणि करू पण नये.

आता सगळ्यात महत्त्वाचं. आमचा मुक्काम बुन्योनी तलावाकाठी होता, उंची जवळजवळ 2000 मीटर, रात्री चांगलीच थंडी (स्लीपिंग बॅग जाडच न्या). ट्रेकच्या आदल्या रात्री ताईला शिंका सुरू झाल्या, पहाटेपर्यंत घसा धरला. ताप नव्हता. कोणी म्हणालं गोळी घे, मास्क लावायचाच आहे, कोणाला कळणार नाही. ताईने ऐकून घेतलं आणि मला म्हणाली, "तू जा. मी नाही येत." गोरिलांचं शरीर आपल्या इतकं जवळचं आहे की आपली साधी सर्दी त्यांच्यात न्यूमोनिया होऊ शकते, आणि एक आजारी पडला तर सगळं कुटुंब धोक्यात येतं. वर्षभर पैसे साठवून काढलेलं परमिट होतं तिचं, म्हणजे गोरिला बघायचा परवाना. पहाटे पाचला आमची छोटी गाडी निघाली (ट्रक त्या कच्च्या रस्त्यावर जात नाही) तेव्हा ती शाल गुंडाळून तंबूबाहेर उभी होती.

तर तुम्हाला सर्दी खोकला झाला तर लपवू नका. एवढं एक तरी पाळा.

जंगलात वाट अशी नसतेच. माग काढणारे लोक पहाटेच पुढे गेलेले असतात, आदल्या रात्री गोरिला जिथे झोपले ती पानांची घरटी शोधून तिथून ते माग धरतात आणि वायरलेसवर गाईडला सांगतात. आपण मागून, जास्तीत जास्त आठ जणांचा गट. सह्याद्रीत पावसात चढला असाल तरी इथे वेगळं वाटेल, कारण पाय जमिनीवर पडतच नाही, वेलींच्या जाळीवर पडतो आणि ती खाली दबते. खाजकुयलीसारखं झोंबणारं झुडूप सगळीकडे, म्हणून जाड हातमोजे हवेत आणि पँट मोज्यात खोचायची. आणि पोर्टर (सामान घेणारा, चढावर हात देणारा) घ्याच, साधारण 20 डॉलर, तुम्ही कितीही फिट असा. माझ्यासोबत शेजारच्या गावातली एक मुलगी होती, तिने पहिल्याच चढावर मला दाखवलं की हाताला हात द्यायचा नाही, मनगटाला मनगट धरायचं, म्हणजे चिखलात सुटत नाही. अडीच तास तिच्या मनगटावरच मी चढले.

मग गाईडने थांबवलं, काठ्या पिशव्या खाली ठेवायला लावल्या, मास्क लावले. आधी वास आला, घामट, उग्र, गोठ्याच्या जवळपासचा पण गोठ्याचा नाही. मग फांद्या मोडल्याचे आवाज. गाईड घशातून खोल हुंकार देत होता, तो त्यांचा 'सगळं ठीक आहे' असा आवाज असतो, आणि झाडीतून तसाच हुंकार परत आला. तेव्हा माझे डोळे भरून आले, अजून तर काही दिसलंही नव्हतं. पाठीवर चंदेरी केस असलेला मोठा नर पाठ करून बसला होता, देठ सोलून गर खात होता, अगदी निवांत, आपण शेवग्याची शेंग खातो तसा. नियम दहा मीटर अंतराचा आहे पण तो नियम त्यांना माहीत नसतो, एक पिल्लू गडगडत आमच्याकडे आलं तेव्हा गाईडने आम्हालाच मागे सरकवलं. एक तास कुठे गेला कळलं नाही, फोटो मी पाचच काढले.

परत आले तर ताईने एवढंच विचारलं, "पिल्लू होतं का?" रात्री तंबूत मी तिला सुरुवातीपासून सगळं सांगितलं, ती मध्ये मध्ये शिंकत होती आणि पुढे काय, पुढे काय करत होती.

खर्चाचं म्हणाल तर, युगांडाचं परमिट जुलै 2024 पासून 800 डॉलर आहे, रवांडात 1500. वय किमान 15 लागतं. आधी परमिट हातात घ्या मगच विमान बुक करा, जून ते ऑगस्टची परमिटं फार लवकर संपतात. केनिया, युगांडा, रवांडा तिन्ही मिळून पूर्व आफ्रिका व्हिसा 100 डॉलरला मिळतो. यलो फीवरची (पीतज्वराची) लस सरकारमान्य केंद्रात निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या आणि लस घेतल्याचं पिवळं कार्ड पासपोर्टसोबतच ठेवा, कारण ते नसेल तर परत आल्यावर मुंबई विमानतळावर सहा दिवस वेगळं ठेवू शकतात. मलेरियाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून. आणि घरून निघायच्या आधीचे आठ-दहा दिवस गर्दीत फिरू नका, लग्नकार्य असेल तर टाळा, आम्ही ते केलं नव्हतं. पुढच्या ऑगस्टचं ताईचं परमिट आता आम्ही घेतलंय, या वेळी ती जाणार आणि मी लागलं तर तंबूत बसणार.