पायाची बोटे निळी पडली, पण नाडी तर लागते!

प्रश्न : माझे वडील ६८ वर्षांचे आहेत. मध्यंतरी त्यांची अँजिओग्राफी झाली. जांघेतून तार घातली होती, हृदयात एक स्टेंटही बसवला. घरी आल्यावर दोन-अडीच आठवड्यांनी उजव्या पायाची करंगळी आणि शेजारचे बोट जांभळे पडले. डाव्या अंगठ्याच्या टोकावरही तसाच डाग आला आहे. रात्री इतका ठणका लागतो की चादर लागलेली सोसत नाही. कुठे मार बसलेला नाही. आमच्या डॉक्टरांनी पायाची नाडी पाहिली आणि म्हणाले, नाडी उत्तम आहे, रक्तपुरवठा व्यवस्थित आहे, बुटाने चेपले असेल. आई त्यांना रोज गरम पाण्यात पाय बुडवून बसवते. आणखी काय करावे?
— एक वाचक

उत्तर : गरम पाणी आजच बंद करा. शेकण्याची पिशवी, हीटर, जोर लावून मालिश, तेही नको. ज्या कातडीला मुळात रक्त कमी मिळते आहे, ती तापवली की तिची प्राणवायूची गरज वाढते आणि पुरवठा मात्र तेवढाच राहतो. बोट बधिर असेल तर भाजलेलेही कळत नाही. सैल सुती मोजे घाला, पांघरूण बोटांवर टेकणार नाही असे ठेवा, एवढी ऊब पुरे.

आता नाडीबद्दल. तुमच्या डॉक्टरांनी पावलाला हात लावून नाडी पाहिली, हे चांगलेच केले. पण तिच्यावरून काढलेला निष्कर्ष मला मान्य नाही. पावलाच्या वरच्या बाजूला आणि आतल्या घोट्याच्या मागे जी नाडी बोटांना लागते, ती मोठ्या धमन्यांची. तुमच्या वडिलांच्या बोटांत ज्या वाहिन्या तुंबल्या असाव्यात, त्यांची रुंदी मिलिमीटरच्या एक-दोन दशांशाएवढी असते. त्यांची खबर हाताला लागत नाही. मोठा रस्ता मोकळा आहे म्हणून तर वरून सुटलेला कचरा थेट बोटांपर्यंत पोचला! म्हणून मार न लागता एकाएकी निळी पडलेली, दुखरी बोटे आणि तरीही ठणठणीत नाडी, ही जोडी (तिलाच ‘ब्लू टो सिंड्रोम’ म्हणतात) दिसली की मला हायसे वाटत नाही. मी वर शोधायला लागते.

वर म्हणजे बहुधा महाधमनीत. वयाबरोबर, बीपी, शुगर, कोलेस्टेरॉल आणि तंबाखूमुळे तिच्या आतल्या भिंतीवर चरबीचे खडबडीत थर जमतात. जुन्या पाइपातला गंज सुटून नळाच्या जाळीत अडकावा, तसे या थरांतले कोलेस्टेरॉलचे सुईसारखे स्फटिक सुटतात आणि रक्ताबरोबर वाहत जाऊन सर्वांत बारीक वाहिन्यांत रुततात. तिथे सूज येते आणि उरलीसुरली वाटही बुजते. कधी हे आपोआप घडते, तर कधी अँजिओग्राफीची नळी किंवा शस्त्रक्रियेतला चिमटा त्या थराला घासल्याने. जांघेतून गेलेली नळी पोटातल्या आणि छातीतल्या महाधमनीतून हृदयाकडे जाते. तुमच्या वडिलांची बोटे लगेच नव्हे, दोन-अडीच आठवड्यांनी निळी झाली, हेही या आजाराला धरूनच आहे. म्हणून अँजिओग्राफी करायलाच नको होती, असा अर्थ मात्र काढू नका. हृदयासाठी ती गरजेची होती.

डाग दोन्ही पायांवर आहेत, हा तपशील तुम्ही लिहिलात ते फार बरे झाले. महाधमनी साधारण बेंबीच्या पातळीला दुभंगते आणि एकेक फांदी एकेका पायाकडे जाते. दोन्ही पायांची बोटे निळी असली तर उगम त्या दुभागणीच्या वर शोधायचा. एकाच पायाची असली तर जांघ, मांडी किंवा गुडघ्याच्या मागची खोबण पाहायची. त्या खोबणीत धमनीला फुगा आलेला असतो आणि त्यातल्या गुठळ्यांचे कण खाली जात राहतात, असे मी पुष्कळदा पाहिले आहे.

घरी एक गोष्ट करून पाहा. जांभळ्या जागेवर बोटाने काही सेकंद हलके दाबा आणि सोडा. रंग फिका होऊन हळूहळू परतला तर तिथे अजून रक्त हलते आहे. दाबूनही रंग जराही बदलत नसेल तर कातडीत रक्त झिरपले आहे किंवा ती जागा निकामी होऊ लागली आहे. मांड्या, नितंब, पोटऱ्या उजेडात पाहा. निळसर जाळीदार नक्षी उमटली असेल तर तिचा फोटो काढून ठेवा, कारण ती कमीजास्त होत राहते आणि तपासणीच्या वेळी दिसेलच असे नाही.

यानंतर दवाखाना, आणि तोही या एक-दोन दिवसांत. शक्य असेल तर व्हॅस्क्युलर सर्जनकडे, म्हणजे रक्तवाहिन्यांच्या सर्जनकडे जा. अँजिओग्राफीची फाइल बरोबर ठेवा आणि ती कधी झाली ते पहिल्याच वाक्यात सांगा. बोटांइतकीच मला त्यांच्या मूत्रपिंडाची काळजी आहे. हेच स्फटिक तिथेही जातात आणि क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक) एकदम न चढता आठवड्या-आठवड्यांनी पायरीपायरीने चढते. म्हणून आजचा रिपोर्ट चांगला आला तरी दोन-तीन आठवड्यांनी पुन्हा करून घ्या. लघवीची तपासणी आणि सीबीसी (रक्तपेशींची मोजणी) करा. त्यात इओसिनोफिल नावाच्या पेशी वाढलेल्या असल्या तर संशयाला बळ मिळते, नसल्या तर संशय फिटत नाही. डोळ्यांच्या डॉक्टरांना पडदा पाहायला सांगा. तिथल्या धमनीत कधीकधी चकाकणारा कण अडकलेला प्रत्यक्ष दिसतो. हॉलेनहॉर्स्ट या नेत्रतज्ज्ञांनी १९६१ साली त्याचे वर्णन केले आणि आजही तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. पोटाची सोनोग्राफी, पायांचे डॉपलर (धमन्यांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी), हृदयाचा इको हे तर हवेच. घोट्याचे आणि दंडाचे बीपी मोजून त्यांचे गुणोत्तर काढतात. ते ०.९ पेक्षा कमी असेल तर मोठ्या धमन्यांतही अडथळा आहे. जुनी शुगर असलेल्यांच्या धमन्या कडक झालेल्या असतात, त्यांचा आकडा १.४ च्याही वर जातो. तेव्हा त्यावर विसंबू नये, बोटातला दाब वेगळा मोजावा. सीटी अँजिओग्राफीने उगम नेमका दिसतो. पण तिच्यात शिरेतून दिल्या जाणाऱ्या रंगद्रव्याचा (डायचा) भार मूत्रपिंडावर पडतो, म्हणून क्रिएटिनिन पाहूनच ती ठरवायची.

उपचारांबद्दल स्पष्ट सांगते. अडकलेले स्फटिक विरघळवणारे औषध नाही. पुढचे कण सुटू नयेत, हाच उपचाराचा गाभा. त्यासाठी कोलेस्टेरॉल कमी करणारी स्टॅटिनची गोळी (ती थर घट्ट करते), बीपी आणि शुगर ताब्यात ठेवणे, धूम्रपान असेल तर पूर्ण बंद. स्टेंटनंतर अॅस्पिरिन आणि जोडीची गोळी चालू असेल, ती कुणाच्याही सांगण्यावरून स्वतः थांबवू नका, स्टेंट बंद पडेल. दुखण्यावर मात्र दुकानातून डायक्लोफेनॅक किंवा आयबुप्रोफेन आणू नका. मूत्रपिंड आधीच धोक्यात आहे. हा ठणका खरोखर भयंकर असतो, त्याला जोरकस औषध लागते. ते डॉक्टरांकडून मागून घ्या, वडिलांना सोसत बसू देऊ नका. फुगा किंवा खराब झालेला भाग सापडला तर तो आवरणाच्या स्टेंटने झाकता येतो, नाहीतर शस्त्रक्रियेने बदलता येतो. ‘ब्लू टो सिंड्रोम’ हे नाव १९७६ साली ज्या सर्जनांनी रूढ केले, त्यांचा सांगावा हाच होता की हा पाय वाचवण्यासाठी मिळालेला इशारा आहे, बोट बरे होतेय म्हणून तो सोडून देऊ नका. कारण बोट पुष्कळदा काही आठवड्यांत आपोआप सुधारते, घरचे निर्धास्त होतात आणि मग पुढचा लोंढा येतो.

बोट कोरडे ठेवा, दोन बोटांमध्ये कोरड्या गॉजची घडी ठेवा. टोक काळे होऊन सुकले तर ते कापायची, सोलायची घाई नको. सुकलेला भाग सावकाश सुटतो आणि वाटला होता त्यापेक्षा कमीच जातो. पण ते ओले झाले, वास आला, लाली वर चढू लागली किंवा ताप आला तर त्याच दिवशी भरती करा. अख्खे पाऊल गार, पांढरे, बधिर पडले आणि बोटे हलेनाशी झाली तर मोठी धमनी बंद झाली आहे. मग हातात साधारण सहा तास असतात, तेव्हा रात्र असली तरी निघा.

प्रश्न : हृदयाचे ठोके अनियमित आहेत म्हणून मला वॉरफेरिन ही रक्त पातळ ठेवणारी गोळी सुरू केली. दीड महिना झाला. आता दोन्ही पायांची बोटे तळव्याच्या बाजूने जांभळी दिसतात, दुखतात. पाय वर केले की रंग उतरतो. गोळी बंद करू का?
— एक वाचक

उत्तर : स्वतःहून बंद करू नका, पण आजच्या आज डॉक्टरांना फोन करा. वॉरफेरिन सुरू केल्यावर साधारण तीन ते आठ आठवड्यांत असे होऊ शकते, ही नोंद १९६१ पासून आहे. दाबल्यावर, पाय वर केल्यावर रंग फिका होणे हे त्याचे ठळक लक्षण. समजूत अशी की औषधामुळे महाधमनीतल्या थरांवरचे गुठळीचे आवरण टिकत नाही आणि खालचे स्फटिक उघडे पडून सुटतात. तेव्हा औषध बदलण्याचा विचार करावाच लागतो. पण तुम्हाला ते पक्षाघात टाळण्यासाठी दिले आहे. एक गोळी थांबून दुसरी सुरू होण्यात खंड पडला तर त्या खंडात मेंदूत गुठळी जाऊ शकते. म्हणून बदल डॉक्टरांनीच करायचा. कृत्रिम धातूची झडप बसवली असेल तर तेही आवर्जून सांगा. अशा झडपेला रक्त पातळ ठेवणाऱ्या नव्या गोळ्या चालत नाहीत, तिथे निर्णय अवघड असतो. वर लिहिलेल्या मूत्रपिंडाच्या तपासण्या तुम्हालाही लागू आहेत.

प्रश्न : वय ५२. पायाची बोटे लालनिळी होतात आणि आग आग होते, थंड फरशीवर ठेवली की बरे वाटते. सीबीसीत प्लेटलेट ९ लाख आल्या. डॉक्टर म्हणाले, संसर्गाने वाढल्या असतील.
— एक वाचक

उत्तर : संसर्गाने, लोहाच्या कमतरतेनेही प्लेटलेट वाढतात, पण त्याने बोटांची अशी आग होत नाही. तुमचे वर्णन अस्थिमज्जेतून प्लेटलेट अकारण जास्त तयार होण्याच्या विकाराशी जुळते. रक्तविकारतज्ज्ञांकडे जा. ते जेएके-२ या जनुकाची चाचणी सांगतील. अशा रुग्णांची आग कमी मात्रेच्या अॅस्पिरिनने इतकी झपाट्याने थांबते की तोच निदानाचा एक पुरावा मानतात. तरीही ती आपणहून सुरू करू नका. प्लेटलेट दहा लाखांच्या पुढे गेल्या की उलटा रक्तस्रावाचाही धोका असतो, तो आधी तपासावा लागतो.

प्रश्न : नवरा ३४ वर्षांचा. दिवसाला पाकीटभर सिगारेट. चालताना तळव्यात पेटके येतात, अंगठ्याचे टोक काळे पडून जखम झाली आहे, महिना झाला भरत नाही. शुगर, कोलेस्टेरॉल सगळे नॉर्मल आहे. दिवसाला दोनवर आणली आहे, चालेल का?
— एक वाचक

उत्तर : नाही, ताई. दोनही चालणार नाहीत. या वयात, शुगर नसताना, तळव्यात पेटके आणि न भरणारी जखम म्हणजे बर्गर रोगाची दाट शंका. लिओ बर्गर यांनी १९०८ साली या रोगातल्या रक्तवाहिन्यांचे सविस्तर वर्णन केले. त्यात हातापायांच्या लहान आणि मध्यम वाहिन्या सुजून गुठळीने बंद होतात, आणि तंबाखू चालू असेपर्यंत तो थांबत नाही. दिवसाला एक-दोन सिगारेटी, चघळायचा तंबाखू, एवढेही त्याला पुरते. निकोटिनचा पॅच, च्युइंगगमही इथे टाळतात. सिगारेट सोडवण्यासाठी दुसरी औषधे आहेत, ती मागा. बायपास किंवा स्टेंटचा उपयोग थोड्यांनाच होतो, कारण बंद पडलेल्या वाहिन्या अगदी टोकाच्या असतात. पण गँगरीन पसरण्याआधी ज्यांनी तंबाखू साफ सोडला, त्यांच्यातल्या बहुतेकांचे पाय राहतात. तुमच्या पत्रावरून तुमच्या नवऱ्याला अजून ती वेळ आहे. त्यांना रागावून उपयोग नाही, हे पान त्यांच्या हातात द्या आणि या आठवड्यात दोघे मिळून डॉक्टरांकडे जा.

प्रश्न : अंगठ्याच्या नखाखाली काळा डाग आहे, दुखत नाही. रक्तवाहिनीचे काही असेल का?
— एक वाचक

उत्तर : बहुधा नाही. घट्ट बुटाने नखाखाली रक्त साकळते. डाग नखाच्या बुडापासून किती दूर आहे ते दिसेल असा आज फोटो काढा, महिना-दोन महिन्यांनी पुन्हा काढा. डाग नखाबरोबर पुढे सरकत असेल तर तो वाढून निघून जाईल, पायाच्या अंगठ्याला त्यासाठी वर्ष-दीड वर्ष लागते. सरकत नसेल, रुंद होत असेल किंवा नखाच्या कडेची कातडीही काळी होऊ लागली असेल तर त्वचारोगतज्ज्ञांना दाखवा, आणि तेव्हा वाट पाहू नका.