'ई' दिसला की हात थांबायचा

"सायन्स झेपत नाही, आर्ट्सला जाऊ का?" अकरावीची पहिली परीक्षा झाली की हा प्रश्न घेऊन मुलं माझ्याकडे येतात. त्यातलीच ही एक. (ओळख पटू नये एवढे तपशील बदलले आहेत.) दहावीला गणितात चांगले मार्क, आणि आता फिजिक्सची वही उघडली की पोटात गोळा. सोबत आजी आली होती, आई-बाबा दोघंही नोकरीवर.

मी तिला म्हटलं, "कुठे अडतेस ते मला करून दाखव." हे मी नेहमी करते. 'झेपत नाही' हे फार मोठं वाक्य असतं, त्याच्या आत नेमकं काय दडलंय ते वही उघडल्याशिवाय कळत नाही.

गणित होतं, एक कूलोम (विद्युत प्रभाराचं एकक) प्रभारात इलेक्ट्रॉन किती? एका इलेक्ट्रॉनचा प्रभार 1.6 गुणिले दहाचा उणे 19 वा घात, एवढे कूलोम. तिने फोनवर भागाकार केला. उत्तर आलं 6.25E-20. तिने लगेच फोन उलटा ठेवला. "बघा, परत एरर."

ती 'ई' म्हणजे एरर समजत होती! तीन महिने. वर्गात विचारायची लाज वाटली, कारण बाकी सगळ्यांना ते येत असणार असं तिने धरून चाललं होतं.

मी कागदावर लिहून दिलं. हा 'ई' म्हणजे 'गुणिले दहाचा घात', त्याच्या पुढे लिहिलेला आकडा हा तो घात. 4.5E3 म्हणजे दशांशचिन्ह तीन घरं उजवीकडे, 4500. 4.5E-3 म्हणजे तीन घरं डावीकडे, 0.0045. उणे चिन्ह आलं म्हणून संख्या ऋण होत नाही, ती फक्त लहान असते. स्क्रीनवर एवढी शून्यं मावत नाहीत म्हणून फोन असं लिहितो.

"मग माझं उत्तर वाच."

तिने बोटाने घरं मोजली आणि थबकली. "मॅडम, हे तर एकाहूनही कमी झालं. इलेक्ट्रॉन एकापेक्षा कमी कसे असतील?"

हा प्रश्न तिचा तिला पडला, आणि मला तिथेच खात्री पटली की हिला सायन्स झेपतंय. चूक कंसाची होती. तिने 1 ÷ 1.6 × 10^(-19) असं टाकलं होतं. फोनने आधी 1.6 ने भागलं आणि मग गुणलं. भाजक पूर्ण कंसात घातला, 1 ÷ (1.6 × 10^(-19)), तेव्हा आलं 6.25E18.

पालकांना इथे एक सांगते. बोर्डाच्या परीक्षेला कॅल्क्युलेटर चालत नाही, तिथे लॉगटेबल असतं. पण 'ई'पुढचा हा 18 लॉग घेताना कॅरेक्टरिस्टिक (लॉगमधला दशांशचिन्हाच्या आधीचा पूर्णांक) म्हणून पुन्हा भेटतोच. म्हणून फोन काढून घेऊ नका, त्यावर काय दिसतंय ते मुलांना मोठ्याने वाचायला लावा.

आजी इतका वेळ गप्प होत्या. अठरा घरं ऐकून म्हणाल्या, "आमच्या वेळी पाठच होतं ना. एकं, दहं, शतं, सहस्र, दशसहस्र, लक्ष, दशलक्ष, कोटी, दशकोटी, अब्ज, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, मध्य, परार्ध." एका दमात. भास्कराचार्यांच्या 'लीलावती'तही स्थानांची ही मोजणी परार्धापर्यंत जाते. प्रत्येक नाव आधीच्याच्या दहापट. म्हणजे 'ई'ने जे आकड्यात लिहायचं, ते आजींनी नावांनी पाठ केलं होतं.

नात बोटं मोजत होती. "एकं म्हणजे शून्य घात... परार्ध म्हणजे सतरा!" मग तिने उलटा ठेवलेला फोन उचलला, 10^17 टाकलं आणि स्क्रीन आजींसमोर धरली. 1E17.

आजींनी चष्मा वर सरकवला. "एवढुसाच?"

स्ट्रीम बदलायचा विषय त्या दिवशी निघालाच नाही. दोन आठवड्यांनी ती केमिस्ट्रीची वही घेऊन आली, नऊ ग्रॅम पाण्यात रेणू किती हे सोडवून. 3.011E23. बाजूला पेन्सिलने बारीक अक्षरात लिहिलं होतं, 'परार्धाच्या पुढे सहा घरं'.